कारखान्यात जन्मलेली रसायने जिवाणू कशी पचवतात?

प्रश्न
ॲट्राझिन हे तणनाशक १९५० च्या दशकात माणसाने तयार केले. त्यापूर्वी कोणत्याही जिवाणूची त्याच्याशी गाठ पडलेली नव्हती. तरीही आज ते पूर्णपणे पचवणारे जिवाणू मातीत सापडतात. विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) उत्क्रांत व्हायला प्रदीर्घ काळ लागतो असे आपण शिकतो. मग काही दशकांत हे कसे साधले? शिवाय, जिवाणूंनी विघटन केले म्हणजे ते रसायन निरुपद्रवी झाले, असे मानावे का?

प्रतिसाद १
जिवाणूंनी विकर शून्यातून घडवलेले नाही. जवळच्याच जुन्या किल्लीला कानस मारून नवे कुलूप उघडले आहे. ॲट्राझिन पचवणाऱ्या स्यूडोमोनासच्या 'एडीपी' या वाणाचे वर्णन १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले विकर ॲट्राझिनच्या वलयावरील क्लोरीन काढून तेथे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवते. मेलामाइन या तशाच वलयाच्या रसायनावरील अमिनो गट (नायट्रोजन असलेला गट) काढणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूच्या विकराशी ते ताडून पाहिले, तेव्हा विकर ज्यांचे बनते त्या ४७५ अमिनो आम्लांपैकी केवळ ९ वेगळी निघाली. एवढ्याशा फरकाने काम पालटते, आणि मूठभर मातीतल्या अब्जावधी जिवाणूंत असे फरक सतत घडतच असतात. त्यात ही जनुके प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वलयावर) असल्यामुळे ती वंशजांपुरती न राहता शेजारच्या जिवाणूकडेही जातात.

यातली मला सर्वांत रंजक वाटणारी बाब अशी की हा वाण ॲट्राझिनकडे वळतो तो मुख्यतः नायट्रोजनसाठी. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे पाच अणू असतात. वलयातील कार्बन अखेर कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. विद्यार्थिदशेत मी हा प्रयोग पाहिला आहे: ॲट्राझिन पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे ते मिसळलेली अगारची (जिवाणू वाढवण्याच्या जेलीची) थाळी दुधट दिसते, आणि काही दिवसांनी ज्या वसाहतींना ते पचते, त्यांच्याभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ उमटते. नायट्रोजन दुसरीकडून सहज मिळत असेल, तर मात्र हा उत्साह बराच मावळतो.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलीन भूजलात उतरले, की ऑक्सिजन नसलेल्या थरांत काही जिवाणू त्याचे चार क्लोरीन अणू एकेक करून काढतात. हे खाणे नसून श्वसन आहे: आपण ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, ते या रसायनाला देतात. मात्र अनेक प्रजाती दोन क्लोरीन काढून थांबतात, आणि पुढे एकच क्लोरीन उरलेले व्हायनिल क्लोराइड साचले, तर ते माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. म्हणजे मूळ रसायन संपले तरी पाणी अधिक घातक झालेले असू शकते. शेवटचा क्लोरीन काढून निरुपद्रवी एथिलीनपर्यंत पोहोचणारा डिहॅलोकॉकॉइड्स हा जिवाणू १९९७ साली नोंदवला गेला. त्याला हायड्रोजन लागतो आणि ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. केवळ मूळ रसायनाची पातळी मोजून 'शुद्धीकरण झाले' असे जाहीर करणारे अहवाल मी म्हणूनच संशयाने वाचतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग प्रत्येक वेळी जिवाणूला त्यातून काही मिळायलाच हवे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)
तसे नाही. मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंचे विकर इतके अघळपघळ असते, की मिथेनसोबत ट्रायक्लोरोएथिलीनलाही (टेट्राक्लोरोएथिलीनपेक्षा एक क्लोरीन कमी असलेल्या रसायनालाही) ते ऑक्सिजन जोडून देते. यातून पेशीला ना अन्न मिळते ना ऊर्जा. उलट तयार होणारी अस्थिर संयुगे तिच्याच प्रथिनांना इजा करतात. त्यामुळे या मार्गाने भूजल शुद्ध करायचे, तर जिवाणूंना मिथेन पुरवत राहावे लागते आणि तेही बेताने: कमी पडले तर ते उपाशी राहतात, जास्त झाले तर विकर मिथेनमध्येच गुंतून पडते आणि ट्रायक्लोरोएथिलीन तसेच राहते.