शब्दचर्चा : ‘ब्लू लॉ’, ‘मायनर लीग’ आणि रविवारचा गल्ला

प्रश्न

अमेरिकेतल्या छोट्या शहरांतल्या बेसबॉल संघांवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरावरचा, एक ‘स्ट्रगलिंग’ संघ, आणि राज्यात जुने ‘ब्लू लॉज’ असल्यामुळे रविवारच्या विक्रीवर बंधनं, असा विषय आहे. ‘निळे कायदे’ कानाला खटकतं. ‘मायनर’ला दुय्यम म्हणावं की कनिष्ठ? आणि ‘धडपडणारा संघ’ चालेल का?

प्रतिसाद

‘निळे कायदे’ कृपा करून लिहू नका. महाराष्ट्रात निळं म्हटलं की निळा झेंडा आणि आंबेडकरी चळवळ डोळ्यांपुढे येते, वाचक पहिल्याच ओळीत भलतीकडे जाईल. शिवाय मूळ शब्दातल्या निळ्याचाही नीट उलगडा झालेला नाही. हे कायदे निळ्या कागदावर छापले होते असं सर्रास सांगतात, पण त्याला पुरावा नाही. शब्द गाजला तो सॅम्युएल पीटर्स या पाद्र्यामुळे. तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा, म्हणून कनेक्टिकट सोडून लंडनला पळाला आणि १७८१मध्ये त्या प्रांताचा इतिहास छापला. त्यात तिथल्या कर्मठ कायद्यांची यादी दिली, त्यातले काही पदरचे घातलेले होते. तेव्हा रंग सोडून द्या आणि अर्थ धरा. माझा शब्द ‘रविवारबंदी’.

प्रतिसाद

दारूबंदी म्हणजे दारूला बंदी. मग रविवारबंदी म्हणजे रविवारला बंदी असं नाही का वाटणार? मराठीत ‘वार पाळणे’ आहेच. गुरुवारी मटण न खाणारे वार पाळतात, सोमवारी बैल न जुंपणारेही पाळतात. ‘रविवार पाळण्याचे कायदे’ म्हटलं तर त्यातलं धर्माचं मूळही दिसतं. बायबलातली विश्रांतिवाराची आज्ञा हाच या कायद्यांचा पाया आहे.

प्रतिसाद

‘पाळणे’ सुंदर आहे, पण त्यात सक्ती येत नाही. वार आपण आपल्या श्रद्धेनं पाळतो, इथे न पाळणाऱ्याला दंड होता. पेनसिल्व्हेनियाचा १७९४चा कायदा रविवारी कुठलाही ‘ऐहिक कामधंदा’ करणाऱ्याला चार डॉलर दंड लावायचा. शनिवार पाळणाऱ्या ज्यू दुकानदारांना तर लागोपाठ दोन दिवस दुकान बंद ठेवावं लागे. त्या राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरातले असे दुकानदार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१मध्ये हरले.

आपल्याकडे रविवारची गोष्ट नेमकी उलट्या बाजूनं घडली आहे, हेही अनुवादकानं मनात ठेवावं. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली. त्यामुळे रविवार सक्तीनं बंद, हे ऐकून मराठी वाचकाला आधी कामगारांच्या हक्काची सुटी आठवेल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘रविवार पाळण्याची सक्ती करणारे जुने कायदे’ असं पूर्ण लिहा आणि पुढे ‘रविवारबंदी’. गावबंदी, जिल्हाबंदी हे शब्द आपण वापरतोच, त्यात गावाला बंदी आहे असं कुणाला वाटत नाही.

प्रतिसाद

तुम्ही सगळे कायद्याच्या नावात अडकलात. अनुवाद खरा फसतो तो बंदी कशावर होती हे सांगताना. ‘रविवारी बेसबॉल खेळायला बंदी’ असं लिहिलंत तर बऱ्याच ठिकाणी अर्धंच खरं असेल. न्यूयॉर्कमध्ये भांडण होतं ते तिकीट लावून खेळ दाखवण्याचं. १९०४मध्ये ब्रुकलिन संघाचा अध्यक्ष चार्ल्स एबेट्स यानं प्रवेश फुकट ठेवला आणि आत जाताना धावफलकाची छापील पत्रिका विकत घ्यायला लावली. जागेप्रमाणे पत्रिकेची किंमत बदलायची. पोलिसांनी लवकरच मैदानात येऊन खेळाडूंना अटक केली. राज्य विधिमंडळातल्या जिमी वॉकरनं मांडलेला कायदा १९१९मध्ये आला, तेव्हा कुठे न्यूयॉर्कचे रविवार मोकळे झाले.

हे एवढं का महत्त्वाचं, ते नाटकवाल्यांना लगेच कळेल. रविवारचा प्रयोग गेला की आठवड्याचा गल्ला गेला. त्या काळी कामगार शनिवारीही कामावर, सामने दिवसाउजेडी, म्हणजे मैदानावर येणार कधी? व्यवस्थापक आणि भागीदार मालक कॉनी मॅकच्या फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघानं १९२६मध्ये एका रविवारी सामना खेळून पाहिला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ‘ऐहिक धंदा’ ठरवला. हाच संघ १९२९ ते १९३१ ओळीनं तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) पहिला होता, आणि मंदीत पैसा आटल्यावर मॅकनं १९३२पासून आपले मोहरे विकायला काढले. मंदी हे मोठं कारण, पण रिकामे रविवारही त्यात होतेच. मतदारांनी १९३३च्या नोव्हेंबरमध्ये रविवारचा खेळ मान्य केला तोवर संघ मोडत आला होता. माझं मन या संघाकडे फार ओढलं जातं.

म्हणून ‘स्ट्रगलिंग’ला ‘धडपडणारा’ नको. मराठीत ती शाबासकी आहे. संघ मैदानावर हरत असेल तर ‘तळाला गेलेला’ म्हणा, पैशानं हरत असेल तर ‘डबघाईला आलेला’. अ‍ॅथलेटिक्स जिंकत असतानाही डबघाईकडे निघाले होते.

प्रतिसाद

‘मायनर लीग’ तसंच ठेवा. ‘कनिष्ठ’ म्हटलं की सोळा वर्षांखालची मुलं वाटतात, ‘दुय्यम’मध्ये कमी लेखणं येतं. त्यापेक्षा व्यवस्था एका वाक्यात सांगा: खेळाडूंचा पगार वरचा मेजर लीग संघ देतो, आणि गावातल्या मालकाच्या हाती उरतात तिकिटं, खाणंपिणं आणि बिअर. म्हणजे रविवारच्या विक्रीवरचा कायदा थेट त्याच्याच गल्ल्यावर येतो. या छोट्या संघांनी वाटाही शोधल्या. विजेच्या दिव्यांखाली सामने १९३०मध्ये डी मॉइन आणि कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्ससारख्या मायनर लीगच्या गावांनी सुरू केले, मेजर लीगला त्यासाठी १९३५ उजाडलं. तरीही २०२१च्या फेररचनेत १२० संघांचीच मेजर लीगशी संलग्नता उरली आणि चाळीसेक शहरांची गेली.

प्रतिसाद

मी न्यू जर्सीत बर्गन काउंटीत राहते. इथे आजही रविवारी कपड्यांची आणि फर्निचरची दुकानं बंद असतात, किराणा मात्र मिळतो. तेव्हा ‘रविवारबंदी’ लिहिताना कुठल्या वस्तूची ते प्रत्येक वेळी लिहाच. मेरीलँडमधल्या एका दुकानाच्या नोकरांना रविवारी वही, स्टेपलर, फरशीचं मेण आणि खेळण्यातली पाणबुडी विकल्याबद्दल दंड झाला होता, आणि तोही १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहितो आहे: ‘रविवार पाळण्याची सक्ती करणारे जुने कायदे या राज्यात अजून आहेत. मायनर लीगमधल्या या डबघाईला आलेल्या संघाला रविवारी सामना खेळता येतो, पण बिअर विकता येत नाही.’ ‘कन्सेशन स्टँड’ला ‘खाण्यापिण्याचे स्टॉल’ घेतो आहे, ‘गेट’ला ‘गल्ला’.

प्रतिसाद

‘गेट’ला सरसकट ‘गल्ला’ नको. पैसे म्हणायचे असतील तिथे ‘तिकिटांचा गल्ला’, माणसं मोजायची असतील तिथे ‘प्रेक्षकसंख्या’. स्टॉलचा गल्ला वेगळा धरला जातो, आणि रविवारी बिअर बंद झाल्यावर तोच बसतो.