खिडकी दिली म्हणजे वचन पाळलं का?

वसईचा_वाचक
गेल्या आठवड्यात इथे एकाने लिहिलं, राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळ सुरू झाल्यापासून, रोज लोकलमध्ये आपली खिडकी दुसऱ्याला देतो, "एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा" हे बायबलचं वचन असं जगतो. खाली आमेनची रांग. माझं डोकंच फिरलं.

ते वचन मत्तयच्या शुभवर्तमानातलं, ५:४१, आणि तिथे वेठीची गोष्ट आहे. रोमन शिपाई वाटेतल्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावायचा, त्याच्यासाठी जास्तीचा कोस चाल म्हणतोय येशू. खिडकी मागणारा कुठला रोमन? आणि त्याच मत्तयमधलं ६:३, उजव्या हाताने केलेलं दान डाव्या हाताला कळू देऊ नको, ते पान फाटलं होतं का?

त्यापेक्षा घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पगार बघा. लेवीय १९:१३, मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा जवळ ठेवायची नाही. आमच्या मजल्यावर चार ख्रिस्ती घरं, चारही ठिकाणी दहा तारीख उलटते. त्यातलं एक माझं. एका रविवारी चर्चला निघताना बाईने दारात दोनशे उसने मागितले. "उद्या बघू," म्हणालो आणि चपला घातल्या. महिन्याची बारा तारीख होती. ते तिचेच पैसे होते.

खिडकीवाला
तो 'एकाने' म्हणजे मी. सकाळची विरार फास्ट एकदा धरून बघा, मग प्रवचन द्या. मणक्यात गॅप आहे माझ्या, वसईपासून अंधेरीपर्यंत उभा राहतो. स्वतःची चूक कबूल केलीत, छान. ती माझ्या डोक्यावर का फोडताय?

बोरिवलीकर
विरार फास्टचा विषय निघालाच आहे तर, आम्हाला बोरिवलीला उतरू न देणारे शेजारप्रीतीत बसतात का? दारात भिंत करून उभे असतात.

सोपारा_लोकल
बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत ना तुम्हाला? त्या सोडून आमच्यात घुसायचं आणि वर प्रीती मागायची.

बोरिवलीकर
मागच्या पावसाळ्यात भाईंदरपर्यंत नेलं मला. छत्री आत अडकली, मी बाहेर. कुणी ढकलून दिली नाही.

सोपारा_लोकल
एक कोस उतरायचं होतं, दोन कोस नेलं. शास्त्राप्रमाणेच झालं की.

नगरची_लेक
छत्र्या आवरा. मी भायखळ्याला उपासनेला जाते. माझा राग वेगळाच आहे. वचन आचरणात आणा हे नेहमी ज्याच्या हातात काही नाही त्यालाच का ऐकवतात? माझ्या बहिणीचा नवरा पिऊन मारायचा. पाळक घरी आले, चहा घेतला आणि तिला मत्तय १८:२२ वाचून दाखवलं, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. त्याला एक ओळसुद्धा वाचून दाखवली नाही. तो बाजूला बसून खारी बुडवत होता.

पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या. आधी जेवण आणि छप्पर दिलं.

सोपारा_लोकल
प्रोटेस्टंट मंडळी प्रत्येक धाग्यात रमाबाई आणतात. दुसरं कुणी नाही का?

नगरची_लेक
हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणारी दुसरी बाई दाखवा, तिला आणते.

वसईचा_वाचक
ताई, बहिणीचं वाचून गप्प झालो. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ज्याच्या हातात पाकीट, त्याने आधी वाचावं.

नगरची_लेक
तुमच्या बाजूचा नाही. तुम्ही बारा तारखेला आठवण झाल्याचं कौतुक सांगताय. तेही डाव्या हाताला कळलंच की.

वसईचा_वाचक
बरं. घ्या, हरलो.

खिडकीवाला
वेठीचं ते मला ठाऊक नव्हतं. फादरनी कधी सांगितलं नाही. तरी खिडकी देणं बंद करणार नाही, चिडा हवं तर. बायकोला विचारलं, आपल्याकडे बाईचा पगार कधी होतो? म्हणाली, तू एटीएममधून आणशील तेव्हा.

आज एक तारीख. पुढचं सांगत नाही, परत ६:३ अंगावर याल.