निवृत्तीनंतर इंदूरचं घर विकून मुलाकडे पुण्याला जावं का? माझं मत: जाऊ नये

लोकमान्यनगरवाले

मी ३० जूनला निवृत्त झालो. राज्य सरकारची नोकरी, वय ६२. (मध्यप्रदेशात ६० चं ६२ झालं ते २०१८ मध्ये, म्हणून दोन वर्षं जास्त मिळाली.) मुलगा पुण्यात वाकडला असतो. तो म्हणतो, लोकमान्य नगरचं घर विका, मी भर घालतो, मोठा फ्लॅट घेऊ आणि सगळे एकत्र राहू. तो मनापासून म्हणतो, त्यात शंका नाही. तरी मी नाही म्हणालो. माझ्यासारख्या इतरांनीही निदान पहिली दोन वर्षं नाहीच म्हणावं, असं मला वाटतं.

१ जुलैला सवयीनं सहाला उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. दुपारी तीनला तर जीव कासावीस झाला, कारण तीनला माझ्याकडे डाक सहीला यायची. ३६ वर्षं लोकांनी मला त्या टेबलामागे बघितलं. टेबल गेलं, फोनही थांबले. पण दसरा मैदानावरून फिरून येताना पोहेवाला अजून न विचारता माझी प्लेट लावतो, शेव जास्त, वरचा जिरावन मसाला कमी. किराणावाल्याला माझे वडील आठवतात. माझ्या हुद्द्याशी ज्यांना कधीच देणंघेणं नव्हतं, अशी एवढीच माणसं उरलीत. नोकरी आणि गाव एकाच वर्षी सुटलं तर माणसानं धरायचं काय?

वाकडकर

काका, मी तुमच्या मुलाच्या जागी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माझे आईबाबा इंदूरलाच सुदामा नगरला राहतात. गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले. रात्री साडेअकराला आईचा फोन आला. त्या वेळी ना विमान, ना रेल्वे. बायको आणि मी कार काढून नाशिक, धुळे, सेंधवा असे गेलो. पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारच्या काकांनी बाबांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ते स्वतः ७१ वर्षांचे आहेत. धुळ्याच्या अलीकडे आईचा पुन्हा फोन, "ऑपरेशनच्या कागदावर सही मागतायत रे, करू का?" ती आयुष्यात बँकेच्या फॉर्मवरसुद्धा बाबांना विचारल्याशिवाय सही करत नव्हती.

पोहेवाल्याची ओळख खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तुमच्या पिढीचं इंदूर आमच्या रजांवर चालतं. माझ्या या वर्षीच्या सगळ्या रजा संपल्यात, हे घरी सांगितलेलं नाही.

दुसरं, तुम्ही दोन वर्षं म्हणता. दोनाची दहा कधी होतात ते कळत नाही. ६२ व्या वर्षी तुमचे पाय चालतात, नव्या सोसायटीत चार ओळखी कराल. ७५ व्या वर्षी याल तेव्हा कदाचित थेट खाटेवर याल. मग खरंच कोणी ओळखणार नाही.

रामबाग

मी लोकमान्यनगरवाल्यांच्या बाजूनं. माझ्या थोरल्या भावानं निवृत्त झाल्या झाल्या घर विकलं आणि मुलाकडे गेला. मुलगा-सून चांगली आहेत, तक्रार काही नाही. पण आता तो इंदूरला लग्नाकार्याला येतो तेव्हा हॉटेलात उतरतो. मी म्हणतो, माझ्याकडे ये, तर म्हणतो, "तुझ्याकडे आलो की आपल्या गल्लीतून जावं लागतं." त्याचं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झालीय. अंगणातलं पारिजात गेलं.

नवी पिढी, मूळ इंदूर

आपण मराठी माणसं तरी इथली कुठे मूळची? होळकरांबरोबर आपले पूर्वज दख्खन सोडून माळव्यात आलेच ना? त्यांनी मुळं उपटली म्हणून तर रामबाग, नारायणबाग उभे राहिले. मग आता परत जाण्याचं एवढं दुःख कशाला?

रामबाग

मल्हारराव माळव्यात पहिल्यांदा उतरले तेव्हा चाळिशीच्या आत होते. मुलूख कमवायला आले होते. साठी ओलांडून, पेन्शनचं पासबुक घेऊन नव्हे.

बँकेतून निवृत्त

जा किंवा राहा, पण व्यवहार नीट करा. घर विकून नवं घर घेताना ते तुमच्या नावावर, निदान तुमचं नाव पहिलं असं घ्या. सगळं मुलाच्या नावावर घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या कराच्या सवलतीत अडचण येऊ शकते. आणि बक्षीसपत्र, म्हणजे दानपत्र, करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात लेखी घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. अट मोडली तर असं दानपत्र रद्द करता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्यप्रदेशातल्याच एका आईचं दानपत्र रद्द ठरवलं, तिथे मुलानं सांभाळायचं लिहून दिलं होतं.

मुलावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. काउंटरवर ३३ वर्षं बसले, भांडण पैशामुळे कमी आणि न लिहिल्यामुळे जास्त होताना बघितलंय. पेन्शनची काळजी नको, ती कुठल्याही गावात मिळते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो.

कोथरूड, माहेर नारायणबाग

बहुतेक पुरुषच लिहितायत आणि पोहे, गल्ली, मल्हारराव चाललंय. मी बाईच्या बाजूनं लिहिते.

आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याला आलो. घर विकलं नाही, भाड्यानं दिलं. यांना पहिलं वर्ष फार जड गेलं. सोसायटीच्या बाकावर एकटे बसायचे. मी 'सब्जी' म्हटलं की भाजीवाली विचारायची, "तुम्ही यूपीच्या का?" वाईट वाटायचं. पण मला इथे पहिल्यांदा सकाळ मिळाली, तेही खरं आहे. इंदूरला आमचं घर म्हणजे सगळ्या नातेवाइकांची धर्मशाळा होती. हे निवृत्त झाले आणि पाहुणे वाढले, कारण आता 'दादा घरीच असतात'. चहा दिवसातून अकरा वेळा. निवृत्ती यांची झाली, माझी ड्यूटी वाढली. इथे स्वयंपाकघर सुनेचं आहे. मी एक वेळची पोळी करते, बाकी वेळ माझा. पंचावन्न वर्षांनी पेटीला हात लावलाय.

लोकमान्यनगरवाले भाऊ, तुमच्या एवढ्या मोठ्या लिखाणात वहिनी कुठेच नाहीत. त्यांना विचारलंत का?

लोकमान्यनगरवाले

ताई, नव्हतं विचारलं. तिचं भजनी मंडळ इथे आहे, बहीण राजेंद्र नगरला आहे, म्हणजे तिला इंदूरच हवं असणार, असं मी धरूनच चाललो होतो. काल रात्री जेवण झाल्यावर विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचा डबा साडेनऊला तयार हवा म्हणून ३६ वर्षं मी साडेपाचला उठले. तुम्ही आता घरी आहात, तरी सहाला चहा मागता. गाव कुठलं ते नंतर बघू. आधी मला सातपर्यंत झोपायचंय."

वाकडकर, तुमच्या त्या रात्रीचं मी दोनदा वाचलं. मुलाला फोन करून विचारलं, माझ्यासाठी किती रजा शिल्लक ठेवतोस? त्यानं आकडा सांगितला नाही. घर विकायचं नाही यावर मी अजून ठाम आहे, रामबागवाल्यांच्या भावासारखं हॉटेलात उतरायची माझी तयारी नाही. पण दिवाळीनंतर कुलूप लावून तीन महिने वाकडला राहून बघतो.

आज सकाळचा चहा मी केला. गॅसचं लायटर कुठल्या खणात असतं, ते शोधायला दहा मिनिटं लागली.