‘गेलो होतो’ म्हणजे दरवेळी ‘हॅड’ नव्हे
‘काल मी त्र्यंबकला गेलो होतो’चं इंग्रजी कुणी ‘आय हॅड गॉन’ असं सुचवतं, ते चूक आहे. मराठीत ‘होतो’ सहज येतं. इंग्रजीत मात्र काल, परवा असा संपलेला काळ सांगितला की साधा भूतकाळच: ‘आय वेन्ट टू त्र्यंबक यस्टरडे’. ‘हॅड’ लागतो तो दोन घटनांतली आधीची दाखवायला: ‘व्हेन आय रीच्ड सीबीएस, द बस हॅड लेफ्ट’ (सीबीएस म्हणजे नाशिकचं बसस्थानक). इथे नुसतं ‘लेफ्ट’ म्हटलंत तर तुम्ही पोहोचलात आणि मग बस सुटली, असा अर्थ निघतो. (मग चढला का नाहीत?)

‘पासून’चाही घोळ होतो. ‘२०१५पासून नाशकात राहतो’ला ‘आय लिव्ह’ नको. ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स २०१५’. वर्षं मोजून सांगायची तर ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’, जसं ‘फॉर टेन इयर्स’.