स्टील की रॉब? चोरी, लूट, दरोडा आणि लॉच्या मुलांचं इंग्रजी

परवा सार्वजनिक वाचनालयातून बाहेर पडले तर लॉच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा भेटला, निफाडकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्याने वहीच पुढे केली आणि म्हणाला मॅडम हे वाक्य का चुकलं ते सांगा ना. वाक्य होतं, 'द अक्यूज्ड रॉब्ड द गोल्ड चेन'. खाली लाल रेघ मारलेली, पण का मारली ते लिहिलेलं नाही. थेफ्ट म्हणजे चोरी, रॉबरी म्हणजे जबरी चोरी, डकॉयटी म्हणजे दरोडा ही यादी त्याला तोंडपाठ. यादी पाठ आहे तरी वाक्य चुकतं, असं माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजीसाठी बसणाऱ्या बहुतेक मुलांचं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी त्याच्या वाक्याचं. स्टीलला कर्म लागतं वस्तूचं, रॉबला कर्म लागतं माणसाचं नाहीतर जागेचं. आपण मराठीत अगदी हेच करतो पण आपल्या लक्षात येत नाही. चेन चोरली म्हणतो, बाईला चोरली असं कुणी म्हणत नाही. बाईला लुटलं म्हणतो, बँक लुटली म्हणतो. म्हणजे रॉब हा आपला 'लुटणे' किंवा 'लुबाडणे', आणि काय लुटलं ते सांगायचं असेल तर पुढे 'ऑफ' येतो, 'दे रॉब्ड हर ऑफ हर चेन'. पॅसिव्ह करताना पण हेच, 'शी वॉज रॉब्ड' पण 'द चेन वॉज स्टोलन'. मी त्याला म्हटलं यादी बाजूला ठेव, गुन्ह्याचं नाव पाठ करण्याआधी त्या गुन्ह्याचं क्रियापद मराठीत बोलून बघ, कुणाला केलं, काय केलं, कशाने केलं, अर्धं व्याकरण तिथेच सुटतं.

आणि खरं तर त्याच्या मनात जो प्रसंग होता, नाशिकच्या कॉलेज रोडला बाईकवरून येऊन गळ्यातली चेन ओढून नेली, त्याला मराठीत आपण चोरली पण म्हणत नाही, हिसकावली म्हणतो नाहीतर ओरबाडली. इंग्रजीत 'स्नॅच्ड द चेन फ्रॉम हर नेक'. 1860 च्या मूळ भारतीय दंड संहितेत स्नॅचिंग नावाचा वेगळा गुन्हा नव्हता, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात कलम 304 ला तो आला. व्याख्येत चोरी करण्यासाठी अचानक, झटकन किंवा जोर लावून वस्तू खेचून घेणं असं आहे, म्हणजे आपला 'हिसका'. बाईला पाडलं, मार लागला, चाकू दाखवला तर तिथून पुढे जबरी चोरी सुरू होते.

आता चोरीची व्याख्याच घ्या, कारण मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. जुनं कलम 378, नवीन 303, वाक्य तेच. 'हूएव्हर, इंटेंडिंग टू टेक डिसऑनेस्टली एनी मूव्हेबल प्रॉपर्टी आउट ऑफ द पझेशन ऑफ एनी पर्सन विदाउट दॅट पर्सन्स कन्सेंट, मूव्ह्ज दॅट प्रॉपर्टी इन ऑर्डर टू सच टेकिंग, इज सेड टू कमिट थेफ्ट.' एका दमात वाचलं की धाप लागते. पण यात क्रियापद शोधा. कर्ता 'हूएव्हर', म्हणजे 'जो कोणी'. त्याच्या लगेच पुढचं 'इंटेंडिंग' हे मुख्य क्रियापद नाहीच, तो आपला 'च्या इराद्याने'. मग त्या जो कोणीने केलं काय? 'मूव्ह्ज'. हलवली. बस. व्याख्येत 'घेतली' असं नाहीये, 'घरी नेली' असंही नाहीये, नेण्याच्या इराद्याने हलवली की चोरी पूर्ण. व्याकरण आणि कायदा इथे एकच गोष्ट सांगतात, म्हणून मला हे वाक्य फार आवडतं आणि मी ते प्रत्येकाला फळ्यावर तोडून दाखवते.

निफाडच्या मुलाला मी त्याच्याच बागेतलं उदाहरण दिलं. द्राक्षाचा घड वेलीवर आहे तोपर्यंत तो जमिनीला जोडलेला, मूव्हेबल म्हणजे जंगम नाही, त्याची चोरी होऊ शकत नाही. कात्रीने देठ कापला त्या क्षणी तो जंगम झाला, आणि ज्या कृतीने कापला त्याच कृतीने हलला तरी चोरी होऊ शकते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. साठवणीच्या चाळीतला कांदा आधीच उपटलेला, तिथे हा प्रश्नच नाही, गोणी उचलली की झालं. तो म्हणाला मॅडम हे आता मरेपर्यंत विसरणार नाही.

दरोडा या शब्दाबद्दल मात्र मला रागच येतो. बातमीत सर्रास लिहितात 'दोघांनी पेट्रोल पंपावर दरोडा टाकला'. दोघांचा दरोडा होतच नाही, पाच किंवा जास्त माणसं मिळून असतील तरच डकॉयटी, नाहीतर ती जबरी चोरी. बोलताना ठीक आहे हो, आपण बिलाचा आकडा बघून पण दरोडा म्हणतो, पण उत्तरपत्रिकेत चार जणांना डकॉयटी लावली की गेले मार्क. 'दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी पकडली' ही बातमी मात्र शब्दाला धरून बरोबर असते, कारण दरोड्याची नुसती तयारी हाच वेगळा गुन्हा आहे, तिथे इंग्रजीत 'प्रेपरेशन फॉर कमिटिंग डकॉयटी' असं येतं, फॉरच्या पुढे आयएनजी. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तीच हायवेवर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर चौदा वर्षांपर्यंत. आपल्याकडे कसारा घाटातून रात्री गाडी काढलेल्या कुणालाही हा फरक कायद्यात का ठेवला ते समजवावं लागत नाही.

शिक्षेच्या वाक्यात 'शॅल' आणि 'मे' एकत्र येतात त्याने पण गोंधळ होतो. 'शॅल बी पनिश्ड' म्हणजे शिक्षा होणारच, 'विच मे एक्स्टेंड टू थ्री इयर्स' म्हणजे किती ते कोर्ट ठरवेल पण तीनच्या वर नाही. आणि 'ऑफ आयदर डिस्क्रिप्शन' म्हणजे वर्णन वगैरे काही नाही, साधी कैद किंवा सक्तमजुरी, दोन्हीपैकी कुठलीही.

आता प्रीपोझिशन. इथे आपली मराठी मदत करते आणि घातही करते. 'खुनाचा आरोप' मध्ये चा आहे म्हणून 'अक्यूज्ड ऑफ मर्डर' बरोबर येतं. पण 'खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला' मधला 'तून' डोक्यात असतो म्हणून मुलं 'अक्विटेड फ्रॉम' लिहितात, तिथे 'ऑफ' पाहिजे. 'खुनाबद्दल दोषी' मधल्या 'बद्दल'मुळे 'कन्व्हिक्टेड फॉर' येतं, तिथे पण 'ऑफ'. 'चार्ज्ड' ला गुन्ह्याचं नाव असेल तर 'विथ', कलमाचा नंबर असेल तर 'अंडर', जसं आपण 'कलम 103 खाली' म्हणतो. 'अरेस्टेड फॉर'. 'सेंटेन्स्ड' ला शिक्षा असेल तर 'टू', गुन्हा असेल तर 'फॉर'. हे वेगवेगळं पाठ करू नका, एकाच माणसाची गोष्ट करून बोला, आधी संशय, मग अटक, मग आरोप, मग निकाल, रोज एकदा मोठ्याने, पंधरा दिवसांत जिभेवर बसतं.

'एव्हिडन्सेस' हा शब्द तर कोर्टात मोठमोठ्यांच्या तोंडी ऐकलाय. आपण पुरावा, पुरावे करतो त्यामुळे होतं ते. इंग्रजीत एव्हिडन्स मोजता येत नाही, ना 'अॅन एव्हिडन्स' ना 'एव्हिडन्सेस', मोजायचाच असेल तर 'पीस ऑफ एव्हिडन्स'. उलट 'अक्यूज्ड' ला आपली मराठी तयारच आहे. आरोपी आला, आरोपी आले, शब्द बदलतो का? तसंच 'द अक्यूज्ड इज', 'द अक्यूज्ड आर', 'अक्यूज्ड्स' नाही.

हे आधी मुलांना लिहून पाठवलं होतं त्यावर एकीने विचारलं की किडनॅपिंग आणि अॅबडक्शन दोन्हीला पेपरात अपहरणच लिहितात मग फरक कसा ठेवायचा. फार चांगला प्रश्न. कुठल्याही पोलीस स्टेशनची फिर्याद काढून बघ, अल्पवयीन मुलामुलीची असेल तर त्यात एक ठराविक वाक्य असतं, 'फूस लावून पळवून नेले'. किडनॅपिंगच्या व्याख्येत 'टेक्स ऑर एंटायसेस' आहे, टेक म्हणजे नेणं, एंटाइस म्हणजे फूस लावणं, आपल्या हवालदाराने दोन्ही क्रियापदं एका वाक्यात बसवलीत. तिथे मूल अठराच्या आतलं आहे आणि पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय नेलं एवढं पुरतं, मुलाची स्वतःची हो-नाही चालत नाही. अॅबडक्शनला वयाची अट नाही, पण तिथे जोरजबरदस्ती नाहीतर फसवणूक पाहिजे, आणि नुसतं अॅबडक्शन केलं म्हणून शिक्षा नाही, कशासाठी केलं त्यावर कलम लागतं. 'टेक' या एका शब्दावर सुप्रीम कोर्टात एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य हा खटला झालाय, मुलगी सज्ञान व्हायच्या उंबरठ्यावर होती, समजून उमजून आपणहून गेली होती, तिला सोबत येऊ देणं म्हणजे 'नेणं' नाही असं कोर्टाने धरलं. तो मुळातून वाच, इंग्रजी सोपं आहे.

दुसऱ्याने विचारलं खून, हत्या, वध यातलं मर्डर कोणतं. कायद्यात मर्डर म्हणजे खून, आणि कल्पेबल होमिसाइड म्हणजे सदोष मनुष्यवध. या 'मनुष्यवध' मधला वध कोरा आहे, माणूस मेला एवढंच सांगतो. पण आपल्या नाशकात 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्याला आपण आजही 'जॅक्सन वध' म्हणतो, खून म्हणत नाही, कंसवध म्हणतो तसा, मारणाऱ्याच्या बाजूने न्याय आहे असं त्या शब्दातच आलं. इंग्रजीत त्याला असॅसिनेशन लिहितात, पण त्या नावाचा गुन्हा दंड संहितेत नव्हता, खटला मर्डरचाच चालला. आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, तिथे 'वॉज हँग्ड', 'हंग' नाही. हंग भिंतीवरच्या फोटोला. नाशिकच्या विद्यार्थ्याने तरी हे वाक्य चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

जामीनचं राहिलंच. आपला जामीन हा एकच शब्द दोन कामं करतो. 'त्याला जामीन मिळाला' तिथे 'ही वॉज ग्रँटेड बेल', आर्टिकल नाही, 'अ बेल' लिहू नका. 'मामा त्याला जामीन राहिला' तिथे बेल नाहीच, 'स्टुड शुअरिटी फॉर हिम'. आणि नॉन-बेलेबल म्हणजे जामीन मिळतच नाही असं अजिबात नाही, हक्क म्हणून मागता येत नाही, देणं न देणं कोर्टावर. त्या निफाडच्या मुलाने काल मेसेज केला, 'द चेन वॉज स्नॅच्ड फ्रॉम हर नेक अँड द अक्यूज्ड आर आउट ऑन बेल', सगळं बरोबर होतं.