नावे विसरतात, चेहरे नाहीत

आपल्या शिक्षकाविषयी एकाने लिहिले आहे की, गुरुजींना अखेरच्या वर्षांत कोणीच आठवत नव्हते, त्यामुळे त्यांच्या आठवणी लिहून घेण्याची वेळ निघून गेली होती. हे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. नावे गेली असतील, पण नाव आठवणे आणि चेहरा ओळखणे या स्मरणाच्या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३९२ जणांची त्यांच्या शाळासोबत्यांविषयीची स्मृती तपासली, तेव्हा शाळा सोडून सुमारे ३५ वर्षे झालेल्यांनाही छायाचित्रांतले जवळजवळ ९० टक्के चेहरे ओळखता आले. मदतीशिवाय नावे सांगणे मात्र त्यांना फारच कमी जमले. हा अभ्यास विद्यार्थ्यांचा आहे, आणि दरवर्षी नवा वर्ग समोर येणाऱ्या शिक्षकाला इतके साधणार नाही, हे खरेच.

तरीही आमच्या बाईंचा अनुभव सांगतो. नव्वदी ओलांडलेल्या बाईंना मी माझे नाव दोनदा सांगितले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मग वर्गाचे जुने छायाचित्र त्यांच्या मांडीवर ठेवले. बराच वेळ त्या नुसत्या पाहत राहिल्या आणि नंतर मागच्या रांगेतल्या एका मुलावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा डावखुरा. पाटीवरचं स्वतःच्याच हाताने पुसायचा." तो मुलगा मी नव्हतो, पण ती खूण अगदी बरोबर होती. त्यानंतर तासभर त्या बोलत होत्या आणि मी लिहून घेत होतो. ज्यांचे शिक्षक अजून हयात आहेत, त्यांनी कृपया प्रश्नांची यादी घरी ठेवून छायाचित्रे घेऊन जावे.