विषय: तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जातं का?

नमस्कार मंडळी,

यंदा सिटिझनशिप मिळाली. गव्हर्नरसाठी पहिल्यांदाच मत देणार आहे आणि मला पटलेला उमेदवार दोन्ही मोठ्या पक्षांतला नाही. ऑफिसात, गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे एकच ऐकते: "मत वाया घालवू नकोस." इतकी वर्षं वाट पाहून मिळालेला हक्क, म्हणून ते मनाला लागतं. काका, तुम्ही मिनेसोटातली १९९८ ची गव्हर्नरची निवडणूक पाहिलीय, जेव्हा तिसऱ्या पक्षाचा जेसी व्हेंचुरा जिंकला. तेव्हा नक्की काय झालं?

— ईगनहून

----

अगं, बरं झालं विचारलंस.

मी तेव्हा ब्रुकलिन पार्कमध्ये राहायचो. जेसी व्हेंचुरा जगासाठी टीव्हीवरचा कुस्तीगीर, पण आमच्यासाठी १९९१ ते १९९५ चा मेयर. रिफॉर्म पार्टीतर्फे तो उभा राहिला तेव्हा समोर डीएफएलचे (म्हणजे मिनेसोटातल्या डेमोक्रॅट पक्षाचे) ॲटर्नी जनरल स्किप हम्फ्री होते, ज्यांनी तंबाखू कंपन्यांना कोर्टात खेचून नमवलं होतं, आणि रिपब्लिकनांकडून सेंट पॉलचे मेयर नॉर्म कोलमन. सप्टेंबरात व्हेंचुराला पोलमध्ये १० टक्क्यांच्या आसपास पसंती होती. ३ नोव्हेंबरला त्याला ३७ टक्के मतं पडली, कोलमनना ३४, हम्फ्रींना २८.

लोक हे पहिलवानाची गंमत म्हणून सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. त्याच्या पक्षाच्या डीन बार्कली यांनी सिनेटच्या निवडणुकीत ५ टक्क्यांची रेघ ओलांडून ठेवली होती, म्हणून पक्षाला मोठ्या पक्षाचा दर्जा होता. त्यातून निवडणुकीचा सरकारी निधी मिळणार होता, त्या भरवशावर कर्ज काढून शेवटी टीव्हीवर जाहिराती करता आल्या. डिबेटमध्ये तर हम्फ्रींनीच त्याला घ्या म्हणून आग्रह धरला. तो कोलमनची मतं खाईल असा त्यांचा हिशेब होता, असं तेव्हा सगळे म्हणत. घराघरांत लोकांनी तिघांना शेजारी शेजारी उभं पाहिलं आणि हा माणूस आपल्यासारखं बोलतो, हे त्यांना जाणवलं.

आणि मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवायची सोय! शाळेच्या जिममधली रांग अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्यापुढे रंगाचे डाग पडलेल्या पँटमधला एक पोरगा होता, हातात घडी घातलेलं लाइटबिल, आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला आलेला. त्या दिवशी राज्यभरात ३ लाखांहून जास्त लोकांनी असं ऐनवेळी नाव नोंदवलं. ही माणसं आधीच्या कुठल्याही पोलमध्ये नीट दिसलीच नव्हती. त्या पोराला कुणी म्हणालं असेलच, मत वाया जाईल म्हणून.

— काका

----

काका, राग मानू नका, पण पुढचंही सांगायला हवं. व्हेंचुरा निवडून आला तेव्हा त्याच्या पक्षाचा एकही आमदार नव्हता. सेल्स टॅक्सचे रिबेटचे चेक घरी आले, आपण एअरपोर्टला जातो ती लाइट रेल त्याने लावून धरली, हे खरं. पण २००२ मध्ये त्याने बजेटवर व्हेटो वापरला, तर दोन्ही पक्षांनी मिळून तो फिरवला.

मी २०१० मध्ये गव्हर्नरसाठी इंडिपेंडन्स पार्टीच्या (व्हेंचुराच्याच पक्षाचं पुढचं नाव) टॉम हॉर्नरना मत दिलं. त्यांना १२ टक्के मिळाली. डीएफएलचे मार्क डेटन रिपब्लिकन टॉम एमरपेक्षा फक्त ८,७७० मतांनी पुढे, पुन्हा मोजणी, डिसेंबर उजाडला. त्या दिवसांत मला झोप लागेना. माझं मत चुकलं असं आजही वाटत नाही. पण उरलेल्या दोघांपैकी कोणीही आला तरी मला चालेल का, हे मी स्वतःला आधी विचारलं नव्हतं. तू विचार. आणि तुझ्या उमेदवाराला सभेत हेही विचार, की विधानसभेत सोबत कोण असणार.

नव्या घरात आलीस ना? लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर मतदानाच्या दिवशी नाव नोंदवायला लाइटबिल सोबत ठेव. सापडलं नाही तर तू इथेच राहतेस अशी ग्वाही द्यायला मी येते, आपलं प्रिसिंक्ट (मतदानाचा विभाग) एकच आहे.

— ताई, ईगन